उमरझिऱ्याची सावड आणि दहिवदकर सरांचं रान

दहिवदकर सरांनी उमरझिरा गावाला फसवलं. सौदा मी जुळवला होता, म्हणून त्यात मीही फसलो. आणि गावाचं विचाराल तर मी फसवणाऱ्यांतलाच. जपानी पोरांनी कोणालाही फसवलं नाही. एवढं आधीच लिहून टाकतो, कारण सर जिथे प्राध्यापक आहेत त्या कॉलेजच्या वार्षिक अंकात या शिबिराचं जे प्रवासवर्णन छापून आलं आहे त्यात डोंगर आहेत, चांदणं आहे, 'दोन संस्कृतींचा सेतू' आहे आणि सरांचे फोटो आहेत. गाव नाही. एका फोटोत मी आहे. सरांच्या हारामागे माझा एक कान दिसतो.

म्हणून हा दुसरा वृत्तांत. मी जळगावात विहिरीवरच्या मोटारी आणि पंपांचं दुकान चालवतो. हातगाडीवर भंगार गोळा करून सुरुवात केली. आज पिंप्राळ्यात घर आहे आणि दारात जीप आहे. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दिलं आणि त्याची फी वेळोवेळी वसूल केली.

सर त्या जीपसाठीच दुकानात आले होते.

"भाऊ, जपानहून विद्यापीठाचे विद्यार्थी येताहेत. ग्रामीण भागात श्रमदान करायचं म्हणतात. तुमची जीप, आणि टिकाव, फावडी, घमेली मिळाली तर आंतरराष्ट्रीय कार्याला हातभार लागेल."

"गाव कोणतं धरलंय?"

"हायवेला लागूनच आहे. पक्कं सभागृह आहे, पंखे आहेत. समाजमंदिराला रंग द्यायचा."

"रंग द्यायला जपान कशाला? पिंप्राळ्यातले रंगारी मेले का?"

सर हसले. मोठ्या माणसांना फुकट काही हवं असलं की ती छान हसतात. मी अट घातली. जीप माझी, अवजारं माझी, तर गावही माझं. साक्री तालुक्याच्या पार पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत उमरझिरा आहे. माझी बहीण सुमन तिथे दिलेली. गावाचा नाला पावसाळा सरल्यावर बारीक धारेने दिवाळीपर्यंत वाहतो आणि मग गप्प होतो. धार वाहती असेतो तिला दगडमातीचा बांध घातला तर विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी राहतं. नाही घातला तर धार थांबताच विहिरी उतरतात, आणि होळीनंतर बायका डोक्यावर हंडे घेऊन खालच्या गावी जातात. सुमन त्या बायकांत. दर भाऊबिजेला ती ओवाळते आणि म्हणते, साडी नको, नाल्याचं काही कर.

"तिथे रस्ता नाही, भाऊ," सर म्हणाले.

"म्हणून तर त्याला दुर्गम म्हणतात. तुमच्या अहवालात तोच शब्द लागतो ना?"

शब्द बरोबर जागी बसला. सरांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ठरलं." माझ्या धंद्यातला नियम असा की पहिल्याच भावाला जो हो म्हणतो त्याला माल नको असतो, दुसरंच काही हवं असतं. पण बहिणीचं काम होतंय म्हटल्यावर मी नियम गल्ल्यात ठेवला.

पोरं जळगाव स्टेशनवर उतरली तेव्हा पाऊस निघून गेला होता आणि उन्हाला नवी धार आली होती. आठ जणं, पाठीवर माणसाएवढ्या पिशव्या. उतरल्या उतरल्या कोणी न सांगता ओळ धरली आणि सगळे कमरेत वाकले. कॉलेजच्या मुलींनी ओवाळलं, हार घातले. सरांनी फलाटावरच भाषण केलं. पुढची गाडी धरायला आलेले काही प्रवासी, कोणी पुढारी आलाय असं समजून, टाळ्या वाजवून गेले. भाषण चालू असताना ती पोरं खाली पडलेल्या पाकळ्या आणि केळीच्या साली गोळा करत होती.

"बघा, बघा! ही शिस्त!" सर वार्ताहराला म्हणाले आणि हाराचा तुटका दोरा काढून तिथेच टाकला. एका उंच पोराने तोही उचलला.

त्यांच्यातली एक मुलगी माझ्यापुढे आली. "मैं मिचिको. विश्वविद्यालय में हिंदी पढ़ती हूँ. गलती हो तो डाँटिए."

मी म्हटलं, बेटी, डाँटने का काम मेरे पास पक्का होता है.

स्टेशनबाहेर तिने केळी घेतली. गाडीवाल्याने जो भाव सांगितला तो तिने मुकाट्याने दिला, वर दोनदा आभार मानले. केळीच्या गावात, माझ्यादेखत, पाहुण्या पोरीला हा भाव! मी गाडीवाल्याची आई, बहीण सोडून बाकी सगळी नाती काढली. त्याने आणखी एक फणी दिली. मिचिको गोंधळली. "इन्होंने दाम बताया था, मैंने मान लिया था. झगड़ा किस बात का?" मी म्हटलं, बेटी, इथे सांगितलेला भाव ही फक्त बोलण्याची सुरुवात असते. तिने मान हलवली, पण ती फणी तिने पुढच्या चौकात एका म्हातारीला दिली. मला ते आवडलं नाही. कष्टाने मिळवलेली फणी होती.

पिंप्राळ्याहून निघालो तेव्हा माझ्या मंडळींनी कळण्याच्या भाकऱ्या (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या), ठेचा आणि कांदे बांधून दिले होते. पुढे माझी जीप, मागे कॉलेजची मॅटाडोर. एरंडोलला चहाला थांबलो. सरांनी तिथून जवळ असलेल्या पद्मालयाच्या गणपतीची महती सांगितली, तळ्यातल्या कमळांसकट, आणि ती इतकी रंगली की मिचिको म्हणाली, "तो हम वहाँ जाएँगे?"

"नहीं नहीं. समय कहाँ है?" सर म्हणाले.

धुळ्यात मात्र सत्काराला वेळ होता. त्याआधी पारोळ्याला मॅटाडोरचं चाक बसलं. स्टेपनी होती, पण ती सरांच्या मेहुण्याच्या गाडीला लागलेली होती. जीपमधून चाक पंक्चरवाल्याकडे नेऊन आणेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. तेवढ्या वेळात पोरांनी मॅटाडोर रिकामी केली, आतून पुसली आणि पुन्हा भरली. ड्रायव्हर बाजूला उभा राहून म्हणाला, "भाऊ, माझ्या लग्नात पण एवढी धुतली नव्हती हो."

धुळ्याच्या सत्कारात पोरांना शाली दिल्या. बाहेर ऑक्टोबर भाजत होता आणि ती बिचारी, न घेणं वाईट दिसेल म्हणून, शाली गुंडाळून घामाघूम बसली. जेवणात शेवभाजी होती, लालभडक, तेलाचा तवंग आलेली. उंच पोराने पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि चेहरा तसाच हसरा. त्याने ताट पुढे केलं आणि आणखी मागितली. वाढपी खूश. "हा आपला माणूस!" मिचिकोने मला हळूच सांगितलं की त्यांच्याकडे ताटात टाकणं म्हणजे रांधणाऱ्याचा अपमान. मी वाढप्याला बाजूला घेतलं, नाही तर त्या दिवशी जपानचा एक नागरिक धुळ्यात संपला असता.

साक्रीच्या पुढे डांबर सुटलं. मग खडी सुटली. शेवटी मातीही सुटली आणि नुसते दगड राहिले. शेवटची चढण सगळ्यांनी पायी काढली, सर सोडून. सरांच्या गुडघ्याला संशोधनामुळे दुखापत होती, म्हणून ते जीपमध्ये बसले आणि जीप आम्ही ढकलली.

खिंड ओलांडली की उमरझिरा एकदम दिसतं. तिन्ही बाजूंनी हिरवे डोंगर, उतारावर पिवळ्या सोनकीचे पट्टे, खाली बाजरीची शेतं. कणसं भरत आली होती आणि मचाणावर बायका गोफण फिरवून पाखरं हाकलत होत्या. मधून नाला. धार अजून होती, घोट्याएवढी, चकचकीत. मिचिको बघत उभी राहिली. मी धार बघत होतो. पंपवाल्याला पाण्याचं रूप दिसत नाही, ते किती दिवस टिकेल ते दिसतं. काम लगेच सुरू झालं तर वेळ होता.

दारात सुमन तांब्या घेऊन उभी. पोरांकडे बघून तिने तोंडाला पदर लावला. "भाऊ, इतला नाजूक पोरे दगडं उचलतीन?"

"उचलतील. तू भाकरी टाक."

संध्याकाळी पारावर गाव जमलं. गावचा शब्द म्हणजे सुमनचे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात. म्हातारा काटक, बोलायला कमी आणि अडून बसायला पक्का. सरांनी भाषण केलं: हे विद्यार्थी सातासमुद्रापलीकडून श्रमदान करायला आले आहेत, श्रम हेच दान, दान हीच पूजा.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दान? आमी काय भिकारी शेतस का?" (आम्ही काय भिकारी आहोत?)

सर म्हणाले, तसं नाही आबा, हे सेवा म्हणून.

"ह्या पोरे आमना नालामा खपतीन. मंग त्यासनी सावड कोन फेडी?" आबा माझ्याकडे वळले. "जपान कितलं दूर शे, भाऊ?"

सावड म्हणजे आज तुझ्या शेतात मी राबतो, उद्या माझ्या शेतात तू. उमरझिऱ्यात घर शाकारणं असो, विहीर उपसणं असो, बठ्ठं (सगळं) काम सावडीने. दुसऱ्याचे हात फुकट घेणं हा तिथे चोरीचाच प्रकार. मी सांगितलं, आबा, जपान लांब आहे, विमानाने जावं लागतं.

"मंग नही. जे फेडता येवाव नही, ते लेवानं नही." (जे फेडता येणार नाही ते घ्यायचं नाही.) आणि म्हातारा उठून गेला.

झालं. पोरं पाहुणी ठरली. पाहुण्यांनी घमेल्याला हात लावायचा नाही. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी, संध्याकाळी तिसऱ्या घरी जेवण. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, तीळ घातलेली चटणी. पोरं ताटात काही टाकेनात आणि बायका वाढायचं थांबेनात. टिकाव-फावडी सुमनच्या ओसरीत पडून. नाल्याची धार रोज थोडी खाली. मी पारावर ओरडलो, लोकांनी मला चहा दिला. मी आणखी ओरडलो, त्यांनी साखर जास्त घातली. आणि सर? सरांनी डायरीत नोंद केली म्हणे, 'आतिथ्यशीलता: अभूतपूर्व.'

शेवटी मिचिको माझ्याकडे आली. "भाऊजी, हमसे क्या गलती हुई?"

मी तिला सावड समजावली. वाटलं, तिला ऐकून नवल वाटेल. ती टाळी वाजवून हसली आणि आपल्या पोरांना ओरडून काही सांगितलं, तीही हसली. "हमारे यहाँ भी है! युई कहते हैं." (युई म्हणजे त्यांच्याकडची सावडच.) तिची आजी डोंगरातल्या एका लांबच्या गावात राहते. तिथली घरं गवताने शाकारलेली, हिवाळ्यात छपराला लागेल एवढं बर्फ. एका घराचं छप्पर बदलायचं तर सारं गाव येतं, आणि मग त्या घराने प्रत्येकाच्या छपराला जायचं. पण आता तरुण माणसं शहरात गेली, गावात म्हातारी तेवढी उरली. ही विद्यापीठाची पोरं दर हिवाळ्यात तिथे बर्फ उपसायला जातात. पहिल्या वर्षी म्हाताऱ्यांनी त्यांनाही हात लावू दिला नव्हता.

"क्यों?"

"कहती थीं, लौटाएँगे कैसे? हमारे पास लौटाने वाले हाथ नहीं बचे. फिर नानी ने रास्ता निकाला. बोलीं, बर्फ़ तुम हटाओ, मूली का अचार हम डालेंगी. जब तक तुम्हारा पेट न बिगड़े, तब तक डालेंगी."

माझ्यातला दलाल जागा झाला. अडलेला सौदा म्हणजे मला पक्वान्न. मी मिचिकोला धरून आबांच्या ओसरीवर नेलं. सर तिथेच खाटेवर पडून पेपर वाचत होते.

"आबा, सावड फेडायला जपानला जायची गरज नाही. ही पोरं इथे जितके हात लावतील, तितके हात गावाने त्यांच्या कामाला लावायचे. काम इथेच, आपल्या मुलखात. हाताला हात. चालेल?"

आबा विचारात पडले. मग म्हणाले, "कोठे?"

मी मिचिकोकडे बघितलं. ती म्हणाली, "हम क्या बताएँ? यहाँ हमारे बड़े सर हैं. जहाँ सर कहेंगे."

मी तिचं म्हणणं मराठीत सांगितलं. आबांना ते फार आवडलं. वडीलधाऱ्याला विचारणारी पोरं, म्हणजे चांगल्या घरची. सरांचा पेपर हळूच खाली आला. "हो, हो. सांगू ना," ते म्हणाले. "वेळ आली की सांगू." मला वाटलं, फार तर कॉलेजचं मैदान झाडून घेतील. माणूस किती लबाड असू शकतो याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही. पण मी तो दुकानदारांवरून बांधलेला होता, प्राध्यापकांवरून नाही.

सुमनने गुळाची वाटी फिरवली. गूळ तोंडात गेला की उमरझिऱ्यात बोल पक्का. सरांनी दोन खडे घेतले.

दुसऱ्या दिवशीपासून जे काम मी पाहिलं ते वार्षिक अंकात नाही, म्हणून इथे लिहितो. डोंगराच्या पायथ्यापासून नाल्यापर्यंत माणसांची ओळ: एक गावकरी, एक जपानी, एक गावकरी. दगड हातोहात खाली. वर बायका गाणं म्हणायच्या, खाली जपानी पोरं दगड घेताना एका तालात 'योइशो, योइशो' म्हणायची. दोन दिवसांत बायका 'योइशो' म्हणू लागल्या आणि पोरं गाण्याचं धृपद. उंच पोराने हट्टाने घमेलं डोक्यावर घेतलं आणि तीन पावलांत माती अंगावर घेतली.

"ओ भाऊ, मान मोडी जाई ना!" एक म्हातारी ओरडली. "तुनी माय माले इचारी!" (तुझी आई मला विचारील!)

मिचिकोने ते त्याला समजावलं. तो म्हातारीपुढे कमरेत वाकला, तेव्हा केसांतली उरलेली माती तिच्या पायांवर पडली. त्या दिवशी हसून हसून काम थांबलं. बांध दोन्ही काठांकडून वाढत आला. मागे पाणी फुगायला लागलं. सुमन रोज संध्याकाळी विहिरीत डोकवायची आणि मला नुसती मान हलवून सांगायची: चढतंय.

सर एका सकाळी नाल्यावर आले, टिकाव हातात घेऊन फोटोला उभे राहिले. दांडा वर, पातं खाली टेकवून, काठी घेतात तसा. फोटो झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की धुळ्याला समारोपाची तारीख ठरली आहे, मान्यवरांना दुसरा दिवस मोकळा नाही, तेव्हा शिबिर इथे संपलं. बांधाच्या मध्ये अजून बैलगाडी जाईल एवढं तोंड मोकळं होतं, आणि सगळी धार तिथूनच जात होती.

मिचिको म्हणाली, "सर, दीवार अधूरी है."

"अधूरी नहीं," सर म्हणाले, "प्रतीकात्मक है."

मी त्यांना नाल्यातच धरलं. काय बोललो ते छापण्यासारखं नाही. सर शांत. "भाऊ, तोंड तेवढं गाव बुजवेल. आपण स्वावलंबनच शिकवायला आलो ना?" आबाही म्हणाले, जाऊ द्या पोरांना, आम्ही बुजवतो. निघताना प्रत्येक घराने पोरांच्या पिशवीत बाजरीचं एकेक कणीस घातलं. सुमनने मिचिकोला बांगड्या भरल्या.

समारोपात मान्यवर उशिरा आले आणि लवकर गेले. मी पोरांना जळगावला आणलं, आग्र्याच्या गाडीत बसवलं. डब्याच्या दारात उभी राहून मिचिकोने विचारलं, "दीवार पूरी होगी न, भाऊजी?"

"होगी. मेरा बोल है."

गाडी गेली. मी दुकान उघडलं.

आठवडा झाला असेल नसेल, एका गिऱ्हाइकाची मोटार पोचवायला मी धुळ्याला गेलो. शहर ओलांडून साक्री रस्त्याला लागलो, तर डावीकडे एका खडकाळ रानात माणसांची ओळ दिसली. दगड हातोहात चालले होते. ओळ ओळखीची वाटली. जीप थांबवली. ओळीच्या टोकाला आबा, डोक्याला उपरणं, हातात दगड. मागे उमरझिऱ्याची निम्मी माणसं, बायकांसकट.

"आबा! इथे काय?"

"सावड," आबा म्हणाले. "सरनी गाडी धाडी. बोलनात, पोरेसनं काम शे."

"आणि पोरं कुठे आहेत असं नाही विचारलं?"

"इचारं. तं बोलनात, त्या आग्राले गयात." त्यांनी दगड पुढे दिला. "आमले बी जरासं नवल वाटनं."

रान सरांचं होतं. चांगलं लांबरुंद, दगडांनी भरलेलं. उमरझिऱ्याची माणसं ते वेचून, सपाट करून, त्याच दगडांची भोवती कंपाउंडची भिंत रचत होती. सुबक भिंत. मध्ये तोंड वगैरे काही मोकळं नाही.

"आणि नाला?" मी विचारलं.

"आधी सावड, मंग आपलं."

मी त्यांना सांगितलं की हे पोरांचं काम नाही, कॉलेजचंही नाही, या माणसाने तुम्हाला उल्लू बनवलं आहे, टाका दगड आणि बसा जीपमध्ये. ओळ थांबली. सगळे आबांकडे बघू लागले. आबांनी खाली वाकून दुसरा दगड उचलला. "गूळ खादा शे. बोल दिया शे. तूच मधमा व्हतास ना? 'सर सांगतीन तठे.' सावड फिटी, तवय जासूत." (मध्यस्थ तूच होतास ना? 'सर सांगतील तिथे.' सावड फिटेल, तेव्हाच जाऊ.)

आयुष्यभर मी लोकांना त्यांच्याच शब्दांत धरलं आहे. मला माझ्या शब्दांत धरणारा पहिला माणूस हा, आणि त्याला मला धरायचं नव्हतंच.

मी सरांच्या घरी गेलो. सर झोपाळ्यावर होते. त्यांनी मला पाणी दिलं. मी ते घेतलं नाही.

"भाऊ, चिडू नका. तिथे ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका व्हायची आहे."

"जमीन कोणाच्या नावावर?"

"सध्या माझ्या. पुढेमागे विचार आहे. आणि भाऊ, मी कोणाला बळजबरी केली? तुमच्याच अटी आहेत. हाताला हात, सर म्हणतील तिथे. तुमच्यासारखा व्यवहारी माणूस अट घालतो तेव्हा विचार करूनच घालत असणार, असं मी समजलो." झोपाळा हलत राहिला. "शिवाय पाहा ना, परतफेडीची ही ग्रामीण संकल्पना किती सुंदर आहे! मी यावर निबंध लिहितोय."

मी हात उचलला नाही. वाचकांनी हे माझ्या बाजूने लिहून घ्यावं.

तडक उमरझिऱ्याला गेलो. खिंडीतून गाव दिसलं. बाजरीवर पाखरांचे थवे उतरले होते; मचाणं रिकामी, गोफण फिरवायला माणूसच नव्हतं. नाल्यात बांधाचे दोन हात एकमेकांकडे पसरून उभे आणि मधल्या तोंडात ओली वाळू. धार गेली होती. तिथेच सुमन झिरा (वाळूतला खड्डा) करून वाटीने पाणी भरत बसली होती. दोन बायका हंडे घेऊन आल्या. सुमनच्या शेजारी न थांबता पुढे जाऊन त्यांनी स्वतःचा झिरा उकरायला घेतला. एकीने जाता जाता मला ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ मोठा व्यापारी शे ना तिना? गाव गहान टाकी दिधं."

सुमनने वर बघितलं नाही. हंडा भरला, उचलला, आणि जाताना म्हणाली, "भाऊ, तुना बोलवर गाव गयं. आते पानी बी तुना बोलवर ली ये." (आता पाणीही तुझ्याच शब्दावर घेऊन ये.)

त्या दिवशी तिने मला जेवायला थांब म्हटलं नाही.

परत येताना मी एरंडोलला चहालाही थांबलो नाही. एकच गोष्ट मनात घोळत होती. सरांचं कंपाउंड मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते आमच्या नाल्यातल्या दोन तुकड्यांच्या कितीतरी पट लांब आहे. पोरांचे हात केव्हाच फिटले होते. आबांना ते कळत होतं. तरी ते राबले, कारण सरांनी 'झालं' म्हटलं नाही आणि वडीलधाऱ्याने म्हटल्याशिवाय हात काढायचा नाही ही तिथली रीत. आता सर वार्षिक अंकात लिहितात की उमरझिऱ्याच्या ग्रामस्थांनी 'उत्स्फूर्तपणे' शिक्षणकार्यात सहभाग घेतला. उत्स्फूर्तपणे! बाजरी पाखरांना सोडून!

दहिवदकर सर, तुमचा निबंध पुरा झाला असेल तर त्यात एक ओळ घाला. सावडीत जास्तीचे हात घेतले की पाळी घेणाऱ्यावर येते. तुमच्या रानात गावाचे हात जास्त झालेत. तेव्हा पुढच्या पावसाळ्यानंतर, नाल्याला धार असताना, तुम्ही यायचं आहे. गुडघ्यासकट आणि फोटोवाल्याशिवाय. नसेल यायचं तर का नाही, ते सांगा. मात्र माझ्या दुकानात येऊन सांगू नका, अंकातही छापू नका. उमरझिऱ्याच्या पारावर उभे राहा आणि आबांच्या तोंडावर, माझी बहीण ऐकत असताना, सांगा.